चारशे फ्लोरिन अंगावर: इटलीतलं जुनं रेशीम, मखमल आणि भरतकाम

सुईदोरा | रविवार, सकाळी १०:१२

गेल्या मे महिन्यात लेकीकडे मिलानला गेले होते. त्यातले चार दिवस काढून आम्ही फ्लोरेन्स बघून आलो. तिथल्या उफिझी कलासंग्रहालयात एका चित्रापुढे मी इतका वेळ उभी होते की लेक पुढची दोन दालनं बघून परत आली, तरी मी तिथेच. बावीस वर्षं आरी आणि जरदोजी करते, शिकवतेही. त्यामुळे जुन्या चित्रातलं माणूस कोण हे मला नंतर दिसतं, आधी त्याच्या अंगावरचं कापड दिसतं.

चित्र ब्रोन्झिनोचं, १५४५ च्या सुमाराचं. फ्लोरेन्सचा ड्यूक कोझिमो दे मेदिची याची बायको एलेओनोरा दि तोलेदो, आणि शेजारी तिचा लहानगा जोव्हान्नी. पांढऱ्या रेशमी कापडावर काळ्या मखमलीची वेलपत्ती उठवलेला तिचा झगा आहे आणि छातीच्या बरोबर मधोमध जरीचं एक मोठं डाळिंब. जवळ जाऊन बघितलं तर त्या डाळिंबात जर सपाट नाही. तिचे बारीक बारीक फासे कापडाच्या वर उभे आहेत आणि चित्रकाराने त्या फाशांवर उजेडाचे ठिपके ठेवले आहेत. जर सपाट बसवली की ती एकाच बाजूने चमकते. तिला उंची दिली की बाई नुसती श्वास घेते तेवढ्यानेही ती लुकलुकते. हे फासे मात्र सुईचे नाहीत. मागावर विणतानाच जरीचा बाणा, म्हणजे आडवा धागा, जागोजागी वर उचलून ते काढलेले आहेत.

आमच्या गाइडने सांगितलं की हा झगा तिला इतका प्रिय होता की तिला त्यातच पुरलं.

एलेओनोरा नेपल्सच्या स्पॅनिश व्हाइसरॉयची मुलगी. १५३९ मध्ये लग्न होऊन आली तेव्हा सतरा वर्षांची होती. नवरा गादीवर येऊन दोनच वर्षं झालेली, आणि मेदिची घराणं मुळात पेढीवाल्यांचं. आपण आता राज्यकर्ते आहोत हे अशा घराला दाखवत राहावं लागतं. चित्रात मुकुट नाही, सिंहासन नाही. ते सगळं काम कापडावर सोपवलेलं आहे. फ्लोरेन्सच्या रेशीमधंद्याची ती जाहिरात होती असंही काही अभ्यासक मानतात, आणि मला ते पटतं.

परत आल्यावर मिळेल ते वाचत गेले. त्यात एक पत्र असं भेटलं की त्याच्यासाठीच हा चर्चेचा धागा काढते आहे.

आलेस्सांद्रा माचिंगी स्त्रोझ्झी ही फ्लोरेन्सची विधवा बाई. नवरा हद्दपारीत गेला, तिकडेच वारला. मुलगे परगावी. १४४७ च्या ऑगस्टमध्ये ती नेपल्सला असलेल्या मुलाला, फिलिप्पोला कळवते की तुझ्या बहिणीचं, कातेरिनाचं लग्न ठरलं. मुलगी सोळा वर्षांची. स्थळ मार्को पारेंती, रेशमाच्या व्यापाऱ्याचा मुलगा. हुंडा १,००० फ्लोरिन, म्हणजे तिथली सोन्याची नाणी. याहून वरचं घर हवं असतं तर १,४०० ते १,५०० लागले असते आणि तेवढे आपल्याकडे नाहीत, हेही ती मोकळेपणाने लिहिते. मग येतात कपडे. नवऱ्यामुलाने कातेरिनासाठी किरमिजी मखमलीचा झगा करायला घेतला आहे, फ्लोरेन्समधलं सगळ्यात सुंदर कापड त्याने आपल्या दुकानात विणून घेतलं आहे, आणि डोक्यावरचा पिसांचा आणि मोत्यांचा साजच ८० फ्लोरिनांचा. मुलगी घराबाहेर पडेल तेव्हा तिच्या अंगावर ४०० फ्लोरिनांहून जास्त असतील, असं आई लिहिते.

मुलगी कशी दिसेल हे ती लिहीत नाही, अंगावर किती असेल ते लिहिते. सोयरीक जुळवताना आपल्याकडच्या आज्या आकडे सांगायच्या, तसाच हा आवाज आहे. त्या काळी फ्लोरेन्समधल्या बांधकामावरच्या बिगाऱ्याला ४०० फ्लोरिन मिळवायला दहा वर्षांहून जास्त काम करावं लागलं असतं.

एवढी किंमत कशाची? रेशीम महाग, हे झालंच. पण रंगही रेशमाच्या तोडीचा. किरमिजी हा शब्द आपला आणि त्यांचा एकच आहे. त्यांच्याकडे तो केर्मिझी, आणि दोन्हींच्या मुळाशी किर्मिझ नावाचा किडा. भूमध्य समुद्राकाठच्या ओक झाडांवर तो सापडतो, वाळवून कुटला की लाल रंग सुटतो, आणि एका झग्यापुरत्या रेशमाला असे किती किडे लागत असतील याचा विचार करा. रंग धरायला तुरटी हवी. ती तुर्कांच्या मुलखातून यायची. १४६० च्या आसपास रोमजवळ तोल्फाला तुरटीची खाण सापडली तेव्हा पोपने तिचा मक्ता आपल्या हातात घेतला, आणि पुढे काही वर्षं तो व्यवहार मेदिचींच्या पेढीकडे होता. तिसरी गोष्ट सोनं. चांदीवर सोन्याचा मुलामा, त्याची चपटी पट्टी, ती रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली. आपण ज्याला कलाबतू म्हणतो तेच.

मला म्हणायचं आहे ते एवढंच की त्या बायकांच्या अंगावरचं कापड श्रीमंतीची नुसती खूण नव्हतं. ती खुद्द श्रीमंती होती. मोजलेली, लिहून ठेवलेली, गहाण पडणारी, परत विकली जाणारी. तुमच्यापैकी कोणी यातलं काही पाहिलं असेल, वाचलं असेल, हातांनी केलं असेल तर जरूर लिहा.

निशिगंध | रविवार, सकाळी ११:०५

किती सुंदर लिहिलंय ताई. चित्र उघडून फाशांवरचे ठिपके शोधत बसले. वाचतेय.

जुनाबाजार | रविवार, दुपारी १:३०

सोन्याचा फ्लोरिन साडेतीन ग्रॅमचा. ४०० फ्लोरिन म्हणजे १.४ किलो, जुन्या तोळ्याने १२० तोळे. लग्नाच्या दिवशी पोरीच्या अंगावर १२० तोळे, आणि त्यातलं बरंचसं कापडात.

"परत विकली जाणारी" यावर माझी एक आठवण. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. आईचा लग्नातला शालू घडीवर विरला होता. दारावर जुनी जर घेणारा यायचा. वडिलांची नोकरी सुटलेली होती, तेव्हा आईने तो काढून दिला. त्याने काठ आणि पदर तिथेच कात्रीने वेगळे केले, अंगणात लोखंडी घमेल्यात ठेवून जाळले. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो. राख फुंकली तेव्हा तळाशी काळपट तारांचा गोळा राहिला. त्याने तो काट्यावर तोलला, आईच्या हातात पैसे ठेवले. आई आत निघून गेली. तिने पैसे मोजले नाहीत, तेवढं मला आठवतं.

फ्लोरेन्सलाही हेच चालायचं. लग्नात नवऱ्याने बायकोला घातलेले भारी कपडे-दागिने बहुधा नवऱ्याच्याच मालकीचे राहत. काही वर्षांनी गरज पडली की तो ते विकायचा, गहाण टाकायचा. कातेरिनाच्या मार्को पारेंतीनेही लग्नातले कपडे पुढे विकले. जरीचं कापड जाळून धातू काढणं तर युरोपभर होतं, आणि त्यामुळेच त्या काळचं खरं कापड आज इतकं कमी उरलंय. डाळिंबाची मखमल आपण चित्रांत बघतो, कारण चित्र जाळून काही हाती लागत नाही.

सुईदोरा | रविवार, दुपारी १:५२

काका, त्या घमेल्यातल्या गोळ्याचं वाचून हातातलं काम खाली ठेवलं. आमच्या आईचीही एक पैठणी अशीच गेली.

मंजिष्ठा | रविवार, दुपारी ४:२०

सुईदोरा, धागा फार आवडला, पण एक दुरुस्ती सुचवते. एलेओनोराला चित्रातल्या झग्यात पुरलं ही गोष्ट फार पसरलेली आहे, ती खरी नाही.

ती १५६२ मध्ये पिझाला हिवतापाने गेली, चाळीस वर्षांची. त्याच काही आठवड्यांत तिचे दोन मुलगे, जोव्हान्नी आणि गार्झिया, तसेच तापाने गेले. म्हणजे चित्रात शेजारी उभा असलेला तो गोबऱ्या गालांचा मुलगासुद्धा. मेदिचींच्या कबरी पुढे उघडल्या गेल्या, तेव्हा तिच्या अंगावरचे कपडे चिंध्यांच्या स्वरूपात मिळाले. १९८३ ते १९९३ अशी दहा वर्षं त्यांच्यावर काम चाललं. कुजलेलं रेशीम भिजवून, स्वच्छ करून, एकेक तुकडा जागेवर लावत त्यांनी झगा पुन्हा उभा केला. तो पिट्टी राजवाड्यातल्या संग्रहालयाकडे आहे. अतलसचा (म्हणजे सॅटिनचा), मखमलीच्या पट्ट्यांवर जरीचं भरतकाम केलेला. डाळिंबाच्या झग्याशी त्याचा संबंध नाही. तिच्या पायांत किरमिजी रेशमाचे विणलेले मोजेही मिळाले.

मला तरी चित्रातल्या झग्यापेक्षा हा जास्त हलवून जातो. चित्रात ती दोनशे वर्षांच्या राज्याची आई म्हणून बसली आहे. इथे एक आजारी बाई आहे, जिला कोणीतरी शेवटचं नेसवलं.

सुईदोरा | रविवार, दुपारी ४:४१

मंजिष्ठा, मनापासून धन्यवाद. गाइडचं ऐकून लिहिलं, पडताळून बघायला हवं होतं. मूळ लेखातलं वाक्य तसंच ठेवते म्हणजे तुमच्या प्रतिसादाचा संदर्भ लागेल. मोजे विणलेले होते हे वाचून तर मी चाटच पडले. १५६२ मध्ये हातांनी विणलेले रेशमी मोजे!

भोवरा | रविवार, रात्री ९:१५

लेख चांगला आहे, पण या सगळ्या झगमगाटात एक प्रश्न सुटतोय असं वाटतं. हे कापड कोणी केलं? बिगाऱ्याच्या दहा वर्षांच्या मजुरीइतकं एका मुलीच्या अंगावर, याचं कौतुक करताना मला अवघड जातं. ज्यांच्या बोटांनी ते झालं त्यांना त्यातलं किती मिळालं?

सुईदोरा | रविवार, रात्री १०:०३

भोवरा, प्रश्न रास्त आहे. मीही हातांनीच काम करते, त्यामुळे तो माझाही आहे.

विणकर बहुतेक भाडोत्री मागावर, व्यापाऱ्याने दिलेल्या रेशमावर काम करत. रेशीम उकलणं, गुंडाळणं हे बायका आणि मुलींचं काम, आणि सगळ्यात कमी मजुरीचं. फ्लोरेन्सला अनाथ मुलांसाठी बांधलेलं ओस्पेदाले देल्यी इन्नोचेंती नावाचं घर आहे. १४१९ मध्ये ब्रुनेलेस्कीच्या आराखड्यावर ते बांधायला घेतलं आणि त्याचा खर्च उचलला रेशीमवाल्यांच्या संघाने. तिथल्या मुलींना रेशमाच्या कामाला लावत. त्या कमानींखाली मी उभी राहिले तेव्हा हे माहीत नव्हतं. आता आठवलं की वेगळं वाटतं. एकाच संघाने मुलींना छप्पर दिलं, आणि काम करायला त्याच मुली मिळाल्या.

सोन्याची तार रेशमावर गुंडाळायचं काम मठांतही चालायचं. फ्लोरेन्सचा ले मुराते मठ त्यासाठी नावाजलेला होता. ले मुराते म्हणजे भिंतीत कोंडून घेतलेल्या. ज्यांनी अंगावर जर घालायची नाही अशी शपथ घेतली, त्या दिवसभर जर करत होत्या.

तुमचं अवघडणं मी खोडून काढणार नाही. पण कापडाकडे बघायचं सोडलं तर या मुली आणखीच दिसेनाशा होतील. त्यांनी केलेलं आपल्याकडे आहे, नावं नाहीत.

भोवरा | रविवार, रात्री १०:२६

शेवटची ओळ पटली.

त्याच धाग्यात एक उलटं उदाहरण. नेपल्सजवळ कासेर्ताला सान लेउचो म्हणून रेशीम विणणाऱ्यांची वसाहत आहे. बूर्बों घराण्यातला राजा फेर्दिनांद चौथा याने १७८९ मध्ये तिथे स्वतःचा कायदा लागू केला. मुलामुलींना सक्तीची शाळा, मुलगा-मुलीला वारसा सारखा, आणि हुंडा बंद. लग्न करणाऱ्या जोडप्याला घर आणि माग वसाहतीकडून. माल तर राजवाड्यासाठीच विणायचे, तोही भारीतला भारी. हुंड्याच्या १,००० फ्लोरिनांवरून आठवलं.

दप्तरदार | सोमवार, सकाळी ८:५०

मोजलेली आणि लिहून ठेवलेली श्रीमंती, हे तुम्ही म्हणालात त्याचा अक्षरशः पुरावा फ्लोरेन्सच्या दप्तरखान्यात आहे.

१३४३ मध्ये शहराने बायकांच्या भारी कपड्यांवर बंदी घातली. आधीच शिवलेल्या कपड्यांचं काय करायचं? ते नोंदवायचे, पैसे भरायचे, आणि त्यावर शिशाची मोहोर मारून घ्यायची. मग कारकुनांनी कपडे एकेक करून लिहून काढले. रंग कोणता, कापड कोणतं, त्यावर नक्षी कसली, झाडं की पक्षी की अक्षरं, अस्तर कोणतं, बाई कोणाची बायको. अशा हजारो कपड्यांची ती वही आहे. मी आयुष्यभर जुन्या कागदांत वावरलो, पण एका शहराच्या कपाटांची अशी झडती दुसरीकडे पाहिली नाही. पाच वर्षांत, १३४८ साली, प्लेग आला. वहीतल्या कितीतरी बायका त्यात गेल्या असतील. कपडे मात्र त्यात तसेच घडी घालून ठेवल्यासारखे आहेत.

या कायद्यांना बायका कशा तोंड देत त्याची त्याच शतकातली एक गोष्ट आहे. अंमलदाराने बाईला अडवलं, म्हणाला, ही बटणं चालणार नाहीत. ती म्हणाली, ही बटणं कुठे, या तर वाट्या आहेत, बघा, यांना दांडी नाही आणि समोर काजं नाहीत. दुसरीला म्हणाला, ही एर्मिनची फर काढा. ती म्हणाली, एर्मिन कसलं, हे दूधपित्या पिल्लाचं कातडं. अंमलदार हात टेकून परत गेला.

पण मला सगळ्यांत मोलाची वाटते ती बोलोन्याची निकोलोझा सानूती. १४५३ मध्ये तिथला पोपचा प्रतिनिधी, कार्डिनल बेस्सारिओन, याने बायकांच्या पेहरावावर निर्बंध आणले. हिने त्याविरुद्ध लॅटिनमध्ये रीतसर निवेदन लिहिलं. तिचा मुद्दा साधारण असा: बायकांना ना अधिकारपदं मिळतात, ना त्या धर्मगुरू होऊ शकतात, ना लढाईतला विजयसोहळा त्यांच्या वाट्याला येतो, कारण हे सगळे मान पुरुषांचे. आमच्या योग्यतेची खूण म्हणून आमच्याकडे पेहराव आणि दागिने एवढंच आहे, ते आम्ही काढून घेऊ देणार नाही.

कायदा काही तिच्या लिहिण्याने मागे गेला नाही. पण भोवरा यांच्या प्रश्नाच्या शेजारी तिचं निवेदन ठेवून वाचावं असं सुचवतो.

निशिगंध | सोमवार, सकाळी ९:३५

आमच्याकडे विधवा झाल्यावर आजीचे रंगीत काठ काढून घेतले होते. सानूतीबाईंचं वाक्य वाचून तीच डोळ्यांपुढे आली. तिला हे वाचून दाखवायला हवं होतं.

विणकरनातू | सोमवार, रात्री ८:४०

आजोबा येवल्याला माग चालवायचे. मी इचलकरंजीत यंत्रमागांच्या देखभालीत आहे. मखमलीबद्दल थोडं लिहितो, कारण ती महाग का हे मागाजवळ उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

साध्या कापडात एक ताणा, म्हणजे उभे धागे, आणि एक बाणा, म्हणजे आडवे. मखमलीला ताणे दोन. एक जमिनीचा, दुसरा लवेचा. विणताना लवेचा ताणा वर उचलायचा आणि त्याच्याखाली आडवी बारीक धातूची काडी सारायची. चार बाणे टाकून घट्ट ठोकायचं की काडीवर रेशमाचे फासे बसतात. काडीच्या पाठीवर खाच असते. तिच्यातून पातं फिरवलं की फासे कापले जातात, टोकं उभी राहतात, ती लव. पातं न फिरवता काडी नुसती ओढून काढली तर फासे तसेच राहतात. व्हेनिसचं सोप्रारिझ्झो मखमल म्हणजे या दोन्हींचा एकाच कापडात मेळ. कापलेली लव उंच आणि गडद, न कापलेले फासे खाली आणि फिके. रंग एकच, पण उजेडात दोन दिसतात.

आता नक्षी. जिथे लव आहे तिथे लवेचा ताणा भरभर संपतो, जिथे नाही तिथे जवळजवळ संपतच नाही. त्यामुळे हा ताणा एका तुळईवर गुंडाळता येत नाही. प्रत्येक धाग्याला स्वतःची रिळं, अशी शेकडो रिळं मागाच्या मागच्या बाजूला चौकटीत लटकवावी लागतात. मागच्या वर्षी कामाच्या निमित्ताने व्हेनिसला गेलो तेव्हा बेव्हिलाक्वा यांचा कारखाना पाहिला. १८७५ पासूनचा, माग अठराव्या शतकातले. सोप्रारिझ्झो दिवसाला साधारण ३० सेंटीमीटर होतं. एक वीत आणि वर चार बोटं. विणकर बाई काडी सारते, पेडल दाबते, ठोकते, पातं फिरवते, आणि पातं फिरवताना श्वास रोखते. हात घसरला तर ताणाच कापला जाईल. आमच्या शेडमध्ये एक माग तेवढं कापड काही मिनिटांत काढतो. मी तिथून लवकर निघालो नाही.

पैठणीचा पदर विणताना आजोबाही बोलायचे नाहीत.

सुईदोरा | सोमवार, रात्री ९:१०

विणकरनातू, तुमचा हा प्रतिसाद माझ्या शिकवणीतल्या मुलींना मोठ्याने वाचून दाखवणार आहे. परवानगी आहे ना?

विणकरनातू | सोमवार, रात्री ९:२२

हो ताई, जरूर. इचलकरंजीला आलात तर लवेच्या काड्या दाखवतो, एक जुनी जोडी आणली आहे.

डॅन्यूबकाठ | मंगळवार, मध्यरात्री १२:४०

मी व्हिएन्नात राहतो. इथे होफबुर्ग राजवाड्याच्या खजिन्यात इटलीतलं एक काम आहे, तुम्ही बोलताय त्याच्या तीनशे वर्षं आधीचं. पालेर्मोला सिसिलीचा नॉर्मन राजा दुसरा रॉजर याच्यासाठी केलेला घोळदार अंगरखा. अंगरखा म्हणतो, पण खरं तर अर्ध्या वर्तुळाचं पांघरूण आहे, खांद्यावरून घ्यायचं, पसरलं तर साडेतीन मीटरच्या आसपास रुंद. लाल रेशमावर जरीचं भरतकाम. मधोमध ताडासारखं झाड, आणि दोन्ही बाजूंना एकेक सिंह उंटाला खाली दाबून उभा. सगळ्या आकृत्यांच्या कडेने मोत्यांच्या दुहेरी रांगा.

काठावर कुफी लिपीत अरबी मजकूर भरला आहे. राजा ख्रिस्ती, राज्य इटलीत, आणि काठ अरबी, कारण कारागीर त्या परंपरेतले. त्यात लिहिलंय की हे सिसिलीच्या राजधानीत, हिजरी ५२८ साली, म्हणजे ११३३-३४ मध्ये, राजाच्या "खिझाना"त झालं. खिझाना म्हणजे आपला खजिना. कपडे शिवायची जागा आणि धन ठेवायची जागा, शब्द एकच. सुईदोरा म्हणतात ती गोष्ट त्या काठावरच लिहिलेली आहे. पुढे हेच पांघरूण पवित्र रोमन सम्राटांच्या राज्याभिषेकाला शतकानुशतकं वापरलं गेलं.

याच रॉजरच्या आरमाराने ११४७ मध्ये ग्रीसमधल्या थीब्ज आणि कोरिंथवर छापा घातला आणि लुटीत रेशीम विणणारी माणसं उचलून पालेर्मोला आणली. सोनं नेलंच, पण ते करणारे हातही नेले.

मांडवीकाठ | मंगळवार, दुपारी ३:१५

मेदिची आणि कापड म्हटल्यावर आमच्या जुन्या गोव्याची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही.

बॉम जेझूच्या चर्चमध्ये सेंट फ्रान्सिस झेवियरची चांदीची पेटी गोव्याच्याच कारागिरांनी केली, १६३७ मध्ये ती तयार झाली. पण ती ज्या संगमरवरी, रंगीत दगडांच्या चौथऱ्यावर ठेवली आहे तो फ्लोरेन्सहून आला. तिसरा कोझिमो दे मेदिची याने तो पाठवला, शिल्पकार फोज्जिनी, आणि १६९८ मध्ये तो इथे उभा राहिला. कोझिमोने तो का पाठवला? संताच्या डोक्याखाली जी उशी होती ती त्याला भेट मिळाली होती, तिच्या कृतज्ञतेपोटी.

वंशावळ लावून बघितली. तिसरा कोझिमो हा एलेओनोराचा खापरपणतू. खापरपणजीने रेशमातून घराण्याचं मोठेपण दाखवलं, खापरपणतवाने एका जुन्या उशीसाठी संगमरवर समुद्रापार धाडला. लहानपणापासून फेस्ताला जातो, चौथऱ्यावरचं नक्षीकाम बघत रांगेत उभे राहायचो. ते एका कापडाच्या बदल्यात आलंय हे आजोबांनी सांगितलं होतं, तेव्हा खरं वाटलं नव्हतं.

मंजिष्ठा | मंगळवार, दुपारी ४:०२

काय जोडलंत! सुईदोरा, आता भरतकामावर लिहा ना. लेखाच्या नावात आहे, लेखात नाही.

सुईदोरा | बुधवार, रात्री ११:२०

मंजिष्ठा, मुद्दाम मागे ठेवलं होतं, कारण आधी स्वतः करून बघायचं होतं.

फ्लोरेन्सच्या कॅथीड्रलच्या संग्रहालयात भरतकामाचे २७ तुकडे आहेत. बाप्तिस्मागृहातल्या धर्मगुरूंच्या वस्त्रांसाठी कालिमाला या व्यापारी संघाने १४६६ मध्ये ते काम सुरू करवलं. चित्रं आंतोनियो देल पोल्लायुओलोची, संत योहानच्या आयुष्यातले प्रसंग. भरणारे पुरुष होते आणि त्यांतल्या काहींची नावंही टिकली आहेत. कोणी व्हेरोनाचा पाओलो, कोणी फ्लँडर्समधल्या मेखेलेनचा कोप्पिनो. काम वीसएक वर्षं चाललं. वस्त्रं पुढे जीर्ण झाली तेव्हा चित्रांचे तुकडे कापून ठेवले, म्हणून ते उरले.

लांबून ती चित्रंच वाटतात. खोल्यांच्या भिंती मागे मागे जातात, फरशीच्या रेषा एका बिंदूकडे धावतात. काचेला नाक लावलं तेव्हा टाका दिसला. कलाबतूचे धागे आडवे, एकाला एक चिकटून, पूर्ण कापडभर अंथरलेले. त्यांच्यावरून रंगीत रेशमाने उभे बारीक टाके. जिथे सावली हवी तिथे टाके दाट, सोनं झाकलं जातं. जिथे उजेड हवा तिथे टाके विरळ, खालचं सोनं उघडं राहतं. आपण जर टिपतो ती जागेवर बसावी म्हणून, आणि टिपणारा टाका लपवतो. इथे टिपणारा टाकाच रंगवतो. उजेड भरायचा नसतो, तो आधीच खाली असतो, फक्त कुठे झाकायचा ते ठरवायचं.

तीन दिवसांपूर्वी कारचोबवर, म्हणजे भरतकामाच्या चौकटीवर, मलमल ताणली आणि दोन बोटं रुंदीचा चौकोन घेतला. निळ्या पदराची एक घडी, बस्स. आधी बाजारातली साधी जर घेतली, ती गुंडाळी सुटून आतला पिवळा दोरा दिसायला लागला. उसवलं. आईच्या एका पिशवीत जुनी कलाबतू होती, ती काढली. निळ्याच्या तीन छटा, एकपदरी रेशीम. पहिल्या संध्याकाळी अकरा ओळी झाल्या आणि घडी दिसेना, नुसता निळा डाग. टाके सगळीकडे सारखे पडत होते, हात सवयीने सारखेच टाकतो. दुसऱ्या दिवशी दिवा डाव्या बाजूला ठेवला, खरा पदर समोर खुर्चीवर टाकला आणि त्याच्यावरचा उजेड बघत बघत टाके मोजायला लागले. घडीच्या पोटात जवळजवळ एकाला एक लागून, कडेला तीन धागे सोडून एक. आज नवव्या ओळीला घडी वर आली. शेजारच्या खोलीतून मुलगा पाणी प्यायला आला, तो थांबला आणि म्हणाला, आई, हे दुमडलंय का?

त्या २७ तुकड्यांतले मोठे साधारण हातभर रुंद आहेत. माझा चौकोन दोन बोटांचा, अजून अर्धा बाकी. रोज जेवणं झाल्यावर चार ओळी होतात. पुरा झाला की फोटो टाकते, आणि जुनाबाजार काकांना आधी दाखवते.